पिवळं नसेल तर बाहेर

७ मार्च

प्रिय गुंड्या,

वर्षभरात तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफ कर. आईच्या फोनवर तू ‘ताई आहे का’ म्हणून विचारायचास आणि मी समोर बसलेली असूनही मान हलवून ‘नाही’ म्हणायचे. हे वागणं माझ्या वयाला शोभणारं नव्हतं. आपण दोघांनी मिळून उभी केलेली वाफ ओळखायची पद्धत तू कंपनीत घेऊन गेलास आणि मला ते विमानतळावरून कळवलंस, हे शोभणारं होतं का, तो वाद आज काढत नाही. काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले होते, आणि पहिल्याच परिच्छेदात काढला. असो.

लिहायचं कारण वेगळं आहे. तुझ्या कार्यालयातून माझ्याकडे एक निवेदन आलं आहे. खाली माझं नाव आधीच छापलेलं, फक्त सही करायची. ‘अपघातानंतर बॅजमधील संवेदक थराची तपासणी केली असता तो पूर्णपणे कार्यक्षम आढळला.’ तपासणी मीच केली होती, कारण हा थर मोजायचं यंत्र या भागात आमच्याच प्रयोगशाळेत आहे. जांभळ्या दिव्याखाली पिवळा उजळणारा आणि विषारी वाफ लागली की विझणारा तो आपला बॅज मी काचेच्या बरणीत ठेवला, अ‍ॅनिलीनची वाफ सोडली, उजेडाचा आकडा झरझर खाली आला. बरणी उघडून वारा दिला, आकडा पुन्हा वर चढला. थरातले आपले धागे नेहमीप्रमाणे चोख वागले. तेव्हा ते वाक्य खरं आहे. त्यावर सही करायला माझी हरकत नव्हती.

पण त्याच्या खाली दुसरं वाक्य आहे. ‘यावरून सदर कामगार महिलेने आत जाण्यापूर्वी बॅज तपासला नाही, हे स्पष्ट होते.’

कशावरून स्पष्ट होतं रे? मी एक बरणी आणि एक बॅज तपासला. ती बाई त्या सकाळी काय करत होती ते माझ्या बरणीत दिसत नाही. बाकी तुला माहीत असेलच, पण कदाचित तुझ्यापर्यंत नुसतं ‘एक घटना’ एवढंच पोचलं असेल, म्हणून लिहिते. रंगाच्या कारखान्यात रिकामी पिंपं धुणारी ही बाई. तिचा नवरा तिथेच काम करायचा, म्हणून सगळे तिला वहिनी म्हणतात. पिंपांच्या खोलीत वाफ साठली होती. तिला बाहेर आणलं तेव्हा ओठ निळे पडले होते आणि ती शुद्धीवर नव्हती. जगली. आता चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकते. कारखान्याने तिला निष्काळजीपणाचा ठपका ठेवून घरी बसवलं आहे, आणि ठपका कायम झाला तर उपचारही तिचे तिने बघायचे. चौकशी समिती नेमली आहे. त्या समितीपुढे माझ्या सहीचा कागद जाणार.

काल मी तिच्या घरी गेले. जावं की नाही यावर दोन दिवस घालवले, कारण तपासणी करणाऱ्याने एका बाजूला भेटणं बरं दिसत नाही. मग वाटलं, दुसऱ्या बाजूने तर मला थेट वाक्यंच लिहून पाठवली आहेत.

दार नवऱ्याने उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर तो दारातून हललाच नाही. आतून तिचाच आवाज आला, “येऊ द्या हो. उभ्यानं भांडायला मला जमत नाही, त्यांना बसवा.”

मी विचारलं, “आत जाण्याआधी बॅज बघितला होतात?”

“बघितला की. दाराशी पेटी आहे, खोलीतली हवा तिच्यात येते, बॅज तिथेच असतो. पेटीशेजारीच मुकादम खुर्ची टाकून बसतो. न बघता जाईन तर तोच ओरडेल.”

“जांभळा दिवा लावून?”

“दिवा लावून, पेटीत हात घालून. जसं शिकवलं तसं.”

“काय दिसलं?”

“उजेड. लख्ख.”

नवरा म्हणाला, “आता काय डोळे काढून समितीला दाखवायचे का?”

ती त्याला म्हणाली, “तुम्ही गप बसा, चहा टाका.” मग माझ्याकडे वळून: “बाई, मी खोटं बोलून मला काय मिळणार? बॅज विझलेला असता तर मी बाहेर बसून आयती विश्रांतीच घेतली असती ना?”

खरं सांगायचं तर तिथून निघताना माझं मत असं होतं, की ती खोटं बोलत नाही, पण तिचा काहीतरी गोंधळ झाला असावा. माझा आकडा चुकणार नाही यावर माझा किती पक्का विश्वास होता, बघ.

सही केलेली नाही. दुसरं वाक्य काढा, असं तुझ्या कार्यालयाला कळवलं आहे.

— ताई


१६ मार्च

गुंड्या,

तुझं उत्तर मिळालं. “ताई, दोन्ही वाक्यं एकत्रच जातील, वकिलांनी मसुदा पक्का केला आहे.” इतक्या दिवसांनी मी भावाला लिहावं आणि त्याच्या उत्तरात वकील असावा!

आता माझं ऐक आणि मध्ये बोलू नकोस. पत्रात तुला ते तसंही जमणार नाही.

वहिनीचं ‘लख्ख’ माझ्या डोक्यातून जाईना. यंत्राला विचारून झालं होतं. डोळ्यांना कोणी विचारलंच नव्हतं. म्हणून परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीचे पडदे ओढले, बॅज बरणीत ठेवला, वाफ सोडली आणि कारखान्यात देतात तशीच जांभळ्या उजेडाची बॅटरी हातात धरून नुसती बघत बसले.

पिवळा उजेड हळूहळू बुडाला. बुडायलाच हवा होता. पण अंधार झाला नाही. पिवळा गेला आणि त्याच्या खालून दुधाळ, निळसर उजेड वर आला. चांगला ठळक. बॅज विझला असं कोणीही म्हटलं नसतं.

आधी वाटलं, माझ्याच हातून काहीतरी सांडलं. बरणी बदलली, पुन्हा केलं. तेच. मग बॅटरी दुसऱ्या हातात घ्यायला गेले आणि माझ्या कोटाची बाही प्रकाशात आली. तसाच दुधाळ निळसर उजेड. कोट आदल्या दिवशी धुतलेला होता.

तुला एव्हाना कळलं असेल. कळलं नसेल तर तू आता रसायनवाला उरला नाहीस. कपड्यांच्या साबणात कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे चमकद्रव्य घालतात, तेच भारी पांढऱ्या कागदातही असतं. जांभळ्या दिव्याखाली ते स्वतःच उजळतं. आपल्या थराखाली तू जे गुळगुळीत पांढरं कार्ड लावलं आहेस, ते वाफ असो नसो, कायम पेटलेलं असतं. पिवळा असेपर्यंत ते पिवळ्यात लपतं. पिवळा विझला की ते दिसतं. आणि दिसतं ते नेमकं तेव्हा, जेव्हा माणसाने बाहेर पळायला हवं.

मग यंत्राला ते का दिसलं नाही? कारण यंत्राच्या तोंडावर आपणच पिवळी काच बसवली आहे. ते पिवळ्याशिवाय दुसरं काही बघतच नाही. पिवळा शून्य झाला की ते शून्य सांगतं. पेटीत हात घालून बघणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर कसली आली आहे काच?

आठवतं का, आपण पहिले थर कशावर घातले होते? करड्या गाळणकागदावर. तू त्याला ‘रद्दीवाल्याची शान’ म्हणायचास. तो जांभळ्या दिव्याखाली मेल्यासारखा काळा राहायचा. आपण त्यासाठी तो निवडलाही नव्हता, कपाटात तोच गठ्ठा पडला होता. आपलं नशीब की तो काळा निघाला, आणि मग आपण कागदाचा विचारच केला नाही. सगळं कौतुक धाग्यांचं. चपटे रेणू कोमट द्रावणातून थंड द्रावणात ओतले की ताटल्यांसारखे एकावर एक रचत जातात, कोणी शिवत नाही, कोणी चिकटवत नाही, आणि बघता बघता बारीक धाग्यांची जाळी होते. तू म्हणायचास, “ताई, लग्नाच्या पाहुण्यांपेक्षा बरे. न बोलावता जमतात, आणि कोण कुठे बसायचं यावर भांडत नाहीत.” वाफेचा कण त्या जाळीत शिरला की अख्ख्या धाग्याचा उजेड गिळतो. इतकी नाजूक, इतकी हुशार वस्तू केली आपण. आणि ती चिकटवली ती डोळ्यांत धूळ फेकणाऱ्या कार्डावर.

कार्ड कोणी निवडलं, हे मी विचारत नाही. गेल्या वर्षी तू आईला फोनवर सांगितलंस, “आता बॅज लग्नपत्रिकेसारखा दिसतो, डिझाइन माझं.” आईने ते शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं.

तू मुद्दाम केलंस असं मला स्वप्नातही वाटत नाही. तू चांगलं दिसावं म्हणून केलंस. पण आता तुला माहीत आहे. हे पत्र वाचून संपल्यापासून तुला माहीत आहे, आणि यापुढे जे होईल ते माहीत असताना होईल.

प्रयोगाची छायाचित्रं सोबत आहेत. बाहीसकट.

— ताई


२५ मार्च

गुंड्या,

काल तू फोन केलास तो आईच्या फोनवर, म्हणजे ती मध्ये राहील असा तुझा हिशोब. तिने फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला आणि आपली वांगी चिरत राहिली. तुझं सगळं बोलणं मी नंतर लिहून काढलं, कारण रागात माणूस दुसऱ्याची वाक्यं आपल्याला हवी तशी आठवतो. माझी आठवण कुठे चुकत असेल तर सांग.

तू म्हणालास, “ताई, थर तर चालतोय ना? मग तांत्रिकदृष्ट्या सेन्सर निर्दोष आहे.”

मी म्हटलं, “घराला कुलूप उत्तम, फक्त दारच नाही, असं झालं हे.”

“पण पिवळा आणि पांढरा यात फरक कळत नाही का माणसाला?”

“पेटीवर पाटी काय आहे? ‘उजेड दिसला तर आत, अंधार दिसला तर बाहेर.’ रंगाचा शब्द आहे का त्यात? मी मुकादमाला जाऊन भेटले. तिने त्याला विचारलंसुद्धा होतं, आज पांढरं का दिसतंय म्हणून. तो म्हणाला, दिसतंय ना, मग जा. त्याने तरी काय चुकीचं सांगितलं? पाटीप्रमाणेच सांगितलं.”

मला वाटलं, आता माझा भाऊ बोलेल. तू म्हणालास, “पुढच्या खेपेपासून कार्ड बदलतोय. शांतपणे. कोणाला कळणारही नाही. तू फक्त समितीपुढे कार्डाचा विषय काढू नकोस.”

“आणि पुढची खेप येईपर्यंत?”

“ताई, बॅज किती ठिकाणी गेलेत तुला कल्पना नाही.”

“म्हणूनच विचारते आहे!”

मी तुझ्याकडे फार मागितलं नाही. बॅज परत बोलवायला वेळ लागतो, हे मला कळतं. मी एक ओळ मागितली. जिथे जिथे बॅज गेलेत तिथे आजच्या आज कळव: पिवळं नसेल तर बाहेर. पाटीवर चिकटवायची एक ओळ. यापेक्षा स्वस्त दुरुस्ती जगात नसेल.

त्यावर तू जे म्हणालास ते मी रात्रभर उलटंपालटं करून पाहिलं, त्याला दुसरा काही अर्थ निघतो का म्हणून. तू म्हणालास, “ती ओळ पाठवली तर आधीची पाटी चुकीची होती असं आपण कबूल केल्यासारखं होईल. वकील नको म्हणतात.”

म्हणजे माणसं वाचवणारी ओळ तयार आहे, ती खरी आहे, आणि ती पाठवायची नाही, कारण ती खरी आहे.

आईने इथे सुरी खाली ठेवली. “तुम्हाला दोघांना एकाच ताटात वाढत आले मी,” ती म्हणाली. “आता मला एवढंच सांगा, त्या बाईचं चुकलं की नाही?”

तू म्हणालास, “आई, ते इतकं सरळ नसतं.”

आई म्हणाली, “वांगं किडकं निघालं तर मी वांग्याला विचारत बसत नाही.” आणि तिने फोन बंद केला. मला तो बंद व्हायला नको होता, हे लिहून ठेवते. मला अजून बोलायचं होतं.

त्यानंतर मी स्वतःलाही विचारलं. हा राग वहिनीसाठी आहे, की तुझ्या विमानतळावरच्या त्या फोनचा मी सूड उगवते आहे? समितीपुढे मी तुझं कार्ड दाखवलं, तर त्यात थोडासा तरी आनंद मला होईल का? प्रामाणिक उत्तर: होईल, चिमूटभर. पण ती चिमूट बाजूला काढून पाहिली तरी कार्ड तसंच उजळतं. माझा हेतू गंगाजळासारखा असता किंवा गटारासारखा असता, बरणीत फरक पडला नसता. म्हणून मी जाणार आहे, आणि पत्राने तुला आधी कळवते आहे, म्हणजे विमानतळावरून कळवल्यासारखं होणार नाही.

— ताई


३ एप्रिल

प्रिय गुंड्या,

समितीच्या बैठकीला तू पडद्यावर होतास, म्हणून सगळं पाहिलंस. पण खोलीतला कॅमेरा भिंतीकडे होता, तेव्हा टेबलाखाली काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार. ते सांगते.

खोलीला अंधार करता येईना. पडदे आखूड होते. मी बरणी घेऊन उभी, कंपनीचे वकील घड्याळ बघतायत, आणि समितीचे अध्यक्ष, निवृत्त अभियंता, केस पांढरे, टाय नीट, म्हणाले, “टेबलावरचं कापड खालपर्यंत आहे. आत बसू.” आणि खरंच बसले. मी, ते आणि बरणी, कापडाखाली, लहान मुलं घर-घर खेळतात तसे. त्यांचे गुडघे कडकड वाजले. बॅज पिवळा होता. वाफ सोडली, थांबलो. ते म्हणाले, “पिवळा गेला.” मग म्हणाले, “अहो, पण हे तर उजळच आहे!” हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की वर वहिनीचा नवरा रडायला लागला.

वकिलांनाही त्यांनी खाली बोलावलं. वकील म्हणाले, गरज नाही, आकडे पुरेसे आहेत. अध्यक्ष म्हणाले, “पँटची काळजी असेल तर मी झाडून देईन.”

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी तुला विचारलं आणि तू तेच वाक्य म्हणालास, “थर पूर्णपणे कार्यक्षम आहे.” ते म्हणाले, “मी थराचं नाही विचारत. त्या पेटीत तुम्ही हात घातला असता तर तुम्हाला अंधार दिसला असता का?”

वकील काहीतरी हातवारे करत होते. आणि मग तू म्हणालास, “नाही.”

गुंड्या, त्या एका शब्दासाठी मी तुझी ऋणी आहे. वहिनीवरचा ठपका त्या शब्दाने पुसला. समितीने तिला कामावर घेण्याची आणि उपचारांची शिफारस केली. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझाच आहे तो,” आणि पदराने चष्मा पुसत राहिली. मलाही भरून आलं होतं. पत्र इथेच संपवलं असतं तर किती बरं झालं असतं.

पण तू पडद्यावरून जायच्या आत मी विचारलं, “ती ओळ बाकीच्यांना कधी पाठवणार?” वकील म्हणाले, हा समितीच्या कक्षेबाहेरचा प्रश्न आहे. अध्यक्षांनी कागद चाळले आणि मान्य केलं: त्यांना एका अपघाताचा निकाल द्यायचा होता, तेवढाच अधिकार. अहवाल वर जाईल, वरून खाली येईल. मी तुझ्याकडे पाहिलं. तू टेबलाकडे बघत म्हणालास, “प्रक्रिया सुरू आहे.” आणि पडदा काळा झाला.

कसली प्रक्रिया? एक ओळ लिहायला कसली प्रक्रिया लागते? ‘नाही’ म्हणताना तुला कुठली प्रक्रिया लागली नाही, आणि तो शब्द तर याहून कितीतरी जड होता.

बाहेर वहिनी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. मी म्हटलं, “सुटलात.” ती हसली. मग म्हणाली, “माझ्या जागी नवी बाई लागली आहे पिंपांवर. तिला हे कोणी सांगितलं का?”

मी कारखान्याच्या कचेरीत फोन केला. त्यांनी सांगितलं, बॅज बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी सूचना आल्याशिवाय आम्ही पाटी बदलू शकत नाही. तुझ्या कार्यालयात फोन केला. त्यांनी सांगितलं, सूचना वकिलांकडे आहे. वकिलांनी फोन उचलला नाही. तुला तीनदा केला. तूही उचलला नाहीस. आईच्या फोनवरूनही केला, तोही उचलला नाहीस, आणि तिचा फोन तू कधी टाळत नाहीस.

मग मी स्वतःच फाटकावर जाऊ का, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “तू प्रयोगशाळेतर्फे गेलीस तर मला परवानगी काढावी लागेल. तू तुझ्यातर्फे गेलीस तर मला काही माहीत नाही.” मी म्हटलं, “मग तुम्हाला काही माहीत नाही.” त्यांनी स्वतःची जांभळी बॅटरी काढून माझ्या पिशवीत टाकली.

मी कोणाला घाबरवणार नाही. घोषणा देणार नाही, तुझ्या कंपनीचं नावही घेणार नाही. मला चार शब्द सांगायचे आहेत. कारखान्याने हाकललं तर फाटकाच्या बाहेर उभी राहीन, रस्ता सगळ्यांचा आहे. मुकादम ओळखीचा झाला आहे, तो हाकलणार नाही असं वाटतं. हे काम तुझं होतं, आणि अजूनही आहे. बॅज जिथे जिथे गेलेत त्या सगळ्या फाटकांवर माझे पाय पोचणार नाहीत.

बाकी रोजनिशीच्या सवयीने शेवटी लिहून ठेवते:

उद्या: पहिल्या पाळीच्या आधी कारखान्याच्या फाटकावर जाऊन नव्या बाईला गाठणे.